गर्भाला कुलूप

म्हैसूरच्या मेटगळ्ळीत एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या मागे पत्र्याची शेड होती. मंगळवार उजाडला की तिच्यापुढे बायकांची रांग लागे. मंड्याहून पहिल्या बसने निघालेल्या, कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या, कडेवर एक आणि हाताशी एक पोर घेऊन आलेल्या. प्रत्येकीच्या हातात नारळ, हळदकुंकू आणि एक नवंकोरं पितळी कुलूप.

आत व्याघ्रचर्माच्या छापाची चादर अंथरून बीगदप्पा बसलेला असे. कन्नडमध्ये बीग म्हणजे कुलूप. कुलपांचा हा बाप जाडजूड होता, आवाज मात्र लोण्यासारखा मऊ. बाई समोर बसली की तो तिचं कुलूप मुठीत घेई, डोळे मिटी आणि सुरू करी :

"सात समुद्र, तायी, सात दारं! सातव्या दाराआड षष्ठीदेवी पाळणा हलवत बसलीय. मी जातो, दार ओढतो, कडी घालतो. चिंते बेड, तायी, काळजी करू नकोस. माझ्या परवानगीवाचून तुझ्या उदरात मुंगी शिरणार नाही, मुंगी!"

मग तो मूठ बाईच्या पोटासमोर धरी. हात लावत नसे, किल्लीही नसे. आतून आवाज येई, खट्ट! मूठ उघडली की कुलूप लागलेलं. रांगेतल्या बायका "अय्यो देवरे!" म्हणत हात जोडत. किल्ली अप्पाकडे राही. मूल नको तोवर कुलूप बंद. हवं झालं की परत यायचं, अप्पा उघडून देई. आणि खरंच, बंद केलेल्यांना मूल होत नव्हतं, उघडलेल्यांना होत होतं. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले चांदीचे चिमुकले पाळणे त्याची साक्ष देत होते.

त्या मंगळवारी रांगेत आई आणि भावजयीबरोबर वनजा उभी होती, आणि तिच्या कपाळावरची आठी काही केल्या जात नव्हती.

वनजा नजरबादच्या मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती इथं आली होती ती आईच्या हट्टापायी. आई, नर्मदाबाई, चामराजपुरममध्ये धाकट्या मुलाकडे, जगन्नाथकडे, राहायची. घर शिंप्यांचं, पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं. पुढच्या खोलीत दोन मशिनं, मागच्या खोलीत विठोबा. जगन्नाथच्या बायकोचं नाव कावेरी. आज कुलूप तिला लावायचं होतं.

कावेरीचं काळीज लहानपणीच्या सांधेतापानं बिघडलं होतं. एक झडप अरुंद झालेली. लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात ती श्वासासाठी तडफडली, मुलगी वाचली, तीही कशीबशी वाचली. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच निक्षून सांगितलं होतं, "आता पुन्हा दिवस जाता कामा नयेत. नेहमीच्या गोळ्या हिला चालायच्या नाहीत, रक्ताची गुठळी होईल. हिचं ऑपरेशनही या काळजावर जोखमीचं. जगन्नाथराव, तुम्ही नसबंदी करून घ्या, सगळ्यात सोपं."

जगन्नाथनं डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात घातला. घरी आल्यावर नर्मदाबाई बोलल्या, "माझ्या पोराला कापायचं काही काम नाही."

राहिली सुई. दर तीन महिन्यांनी दंडात एक इंजेक्शन. ते तेव्हा नुकतंच सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागलं होतं. कावेरी दीड वर्ष न चुकता घेत होती आणि तिला दिवस गेले नव्हते. पण सुई घेऊ लागल्यापासून तिची पाळी थांबली, आणि तिथून घोळ सुरू झाला. शेजारच्या शांताक्काने सांगितलं की अडलेलं रक्त डोक्यात चढतं, तिच्या नणंदेची जाऊ त्यानंच वेडी झाली. बीगदप्पाचा पत्ताही शांताक्कानेच दिला.

"कुलुपानं काही बिघडत नाही ना," वनजानं स्वतःची समजूत घातली होती. "सुई चालू राहिली म्हणजे झालं."

रांगेच्या तोंडाशी बीगदप्पाची बहीण उभी असायची. ती प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारी. सुई घेतलीस का? पाळी थांबली का? वनजाच्या पुढच्या पोरसवदा बाईनं दोन्हीला मान हलवून नाही म्हटलं, तशी तिला बाजूला काढलं गेलं. आतून बीगदप्पाचा आवाज आला, "तुझं दार सताड उघडं आहे, मगळे, पोरी! उघड्या दाराला कुलूप लागतं का? आधी दवाखान्यात जा, दोन-तीन सुया घे. दार लोटलं गेलं की ये."

कावेरीला मात्र लगेच आत घेतलं. कुलूप खट्ट झालं, आणि बीगदप्पानं डोळे उघडून बोट उगारलं. "आता सुई बंद. सुई म्हणजे विष. विष आणि माझं कुलूप एका देहात नांदत नाहीत. आणि नेम पाळायचा. संध्याकाळचं दही नाही, मंगळवारी डोक्यावरून पाणी नाही, परक्या घरचं शिळं नाही. नेम मोडला तर जबाबदारी तुझी."

"सुई बंद करायची नाही," वनजा मध्येच म्हणाली. "हिला काळजाचा आजार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

बीगदप्पा हसला. "मेडम, डॉक्टरला विचारा, थांबलेलं रक्त जातं कुठं?"

 वनजाला ते माहीत नव्हतं. कावेरी तिच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती, आणि विज्ञानाची बाई रांगेतल्या पन्नास बायकांसमोर नुसती उभी राहिली.

बाहेर पडल्यावर ती आईला म्हणाली, "अगं, हे दाबाचं कुलूप आहे. दाबलं की लागतं, किल्ली लागतच नाही. कुठल्याही ट्रंकेला असतं."

"असू दे," नर्मदाबाई म्हणाल्या. "कसं लागतं ते तुला कळतं. पोरं कशी थांबतात ते सांग की."

वनजा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कागदावर गर्भाशय काढून दाखवलं. रक्त कुठं अडतही नाही, चढतही नाही. या औषधानं आतलं अस्तर तयारच होत नाही, म्हणून पडायला काही नसतं. "हे आम्ही प्रत्येकीला सुई देण्याआधी सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "बाहेर एवढी गर्दी असते की सांगायचं राहून जातं. मग दुसरं कुणीतरी सांगतं."

वनजानं ते सगळं कावेरीला समजावलं. कावेरीनं मान डोलावली. सुईची तारीख आली तेव्हा वनजानं फोन केला. "घेतली," जगन्नाथ म्हणाला. पुढच्या खेपेलाही "घेतली" म्हणाला. दहावीच्या परीक्षा, पेपर तपासणी, मग नव्या वर्गांची गडबड. वनजा निर्धास्त राहिली.

गौरीच्या सणाला ती माहेरी आली. जेवणं झाली, आणि नर्मदाबाई पान जुळवता जुळवता म्हणाल्या, "बघ, शिकलेली तू. शिवरात्रीपासून एक सुई नाही टोचली हिला. काय झालं? काही झालं का?"

वनजाच्या हातातलं पान तसंच राहिलं. "जगन्नाथ, तू मला घेतली म्हणाला होतास."

"अक्का, तू सुम्ने, उगाचच ओरडली असतीस," जगन्नाथ मशीनकडे बघत म्हणाला. "कुलूप चालतंय तर उगीच विष कशाला?"

वनजा उठून स्वयंपाकघरात गेली. कावेरी भांडी आवरत होती. तिचा चेहरा त्या दिवशी बरा होता, थोडा भरलेलाही.

"कावेरी, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. सुई परत सुरू करू."

"अक्का, रागावू नका. एवढे महिने झाले, सुई नाही, गोळी नाही. हे काही लांब राहत नाहीत." ती खाली बघून बोलत होती. "तरी दिवस गेले नाहीत. मग कुलूप खोटं कसं? तुम्हीच शाळेत सांगता ना, करून बघावं, मग मानावं. आम्ही करून बघितलं."

 कावेरीचं म्हणणं चुकीचं आहे हे वनजाला आतून ठाऊक होतं, पण चूक कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. ती फक्त म्हणाली, "योगायोग असेल. पण तुझ्या बाबतीत योगायोगावर विसंबून चालणार नाही." कावेरी म्हणाली, "सणासुदीचं राहू दे. दसऱ्याची शिवणं संपली की जाऊ." दसरा आला, शिवणं संपली, दिवाळी आली. दरवेळी काहीतरी आडवं आलं. जगन्नाथनं एकदा स्पष्टच सांगितलं, "आमच्या घरातलं आम्ही बघू."

हिवाळ्यात कावेरी जिना चढताना थांबू लागली. मग पायांवर सूज आली. मग उताणं झोपता येईना, भिंतीला उशी लावून ती बसून राहायची. घरच्यांना वाटलं, जुनंच दुखणं, थंडीनं उचल खाल्ली. पाळी चुकली असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं, कारण ती सुईपासून आलीच नव्हती. पोट थोडं पुढं आलं तेव्हा शांताक्का म्हणाली, "कुलुपाआड साठलेलं रक्त आहे. अप्पाचा अंगारा लाव." अंगारा लावला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कावेरीच्या तोंडातून गुलाबी फेस आला. तेव्हा कुठं जगन्नाथनं वनजाला फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. मशीननं तपासून त्या बाहेर आल्या. "पाच महिने झालेत," त्या म्हणाल्या. "फुप्फुसांत पाणी भरलंय. आता गर्भ ठेवला तरी धोका, काढला तरी धोका. तुम्ही सुई सोडलीत कधी?"

 नर्मदाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता.

कावेरी आणखी तीन दिवस होती. मास्क बाजूला करून ती एकदाच वनजाशी बोलली. "अक्का, मी नेम मोडला नाही. दह्याला शिवलेपण नाही." तिला एवढंच सांगायचं होतं. मरतानाही तिला वाटत होतं की कुठंतरी आपलंच चुकलं असणार.

तेराव्यापर्यंत वनजा चामराजपुरमलाच होती. शांताक्का भेटायला आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अप्पा म्हणतो, मुलीकडून नेम मोडला. शेजाऱ्यांकडचा सांबार खाल्ला होता म्हणे." नर्मदाबाईंनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर एक सुटका दिसली, कुणीतरी दुसरं जबाबदार असल्याची. वनजाला ती सुटका सहन झाली नाही. ती चप्पल घालून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "सुई तीन महिन्यांची. तिनं सोडली शिवरात्रीला. मग पुढं एवढे महिने तिला दिवस का गेले नाहीत? लगेच गेले असते तर निदान वेळेत कळलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला खूण केली. "हे औषध दंडातून हळूहळू झिरपतं," त्या म्हणाल्या. "तीन महिने ते पक्कं काम करतं. वेळच्या वेळी घेतली तर शंभर बायकांत वर्षभरात एखादीलाही दिवस जात नाहीत. इतकी भरवशाची सुई आहे ही. पण तीन महिने संपले म्हणून औषध त्याच दिवशी अंगातून जात नाही. कुणाच्या अंगात थोडं उरतं, कुणाच्या बरंच. बहुतेकींना शेवटच्या सुईनंतर मूल राहायला नऊ-दहा महिने लागतात. कुणाला वर्षही लागतं, तर कुणाला चौथ्याच महिन्यात राहतं. कुणाचं कधी, ते आधी सांगता येत नाही. म्हणून तारीख चुकवायची नसते. आणि पाळी परत यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात, त्यामुळे बाईला पत्ताही लागत नाही."

वनजा ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ती शेड उभी राहत होती. रांगेच्या तोंडाशी उभी असलेली बहीण. तिचे ते दोन प्रश्न.

"त्याला माहीत आहे," ती एकदम म्हणाली. "बाई, त्याला हे सगळं माहीत आहे."

पुढच्या मंगळवारी ती पहिल्या बसनं मेटगळ्ळीला गेली. रांग नेहमीसारखीच होती. वनजा रांगेत उभी राहिली नाही. ती शेडच्या दारात जाऊन बायकांकडे तोंड करून उभी राहिली आणि वर्गात बोलते त्या आवाजात कन्नडमध्ये बोलू लागली.

"माझी भावजय कावेरी इथं कुलूप लावून गेली होती. ती मेली. मी भांडायला आलेली नाही, मला फक्त विचारायचंय. ज्यांनी इथं कुलूप लावलंय, त्यांच्यापैकी आधी सुई न घेता कुणी लावलंय? एकीनं तरी हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

आतून बीगदप्पाचा लोण्यासारखा आवाज आला, "मेडम, दुःखात आहात. आत या, तीर्थ घ्या."

"तुम्हालाही विचारते. सुई विष आहे ना?"

"कालकूट विष!"

"मग जिनं घेतली नसेल तिला तुम्ही आधी दवाखान्यात का पाठवता? दोन-तीन डोस विष पिऊन ये, मग माझ्याकडे ये, असं का?"

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बीगदप्पा उठून दारात आला. "दार आधी लोटावं लागतं, तायी. हे शास्त्र..."

"दार सुई लोटते, कडीही सुईच घालते. तुम्ही फक्त खट्ट आवाज काढता." वनजानं रांगेतल्या एकीच्या हातातलं कुलूप घेतलं, मुठीत दाबलं. खट्ट. "हे घ्या, मलाही सिद्धी आली."

मग ती दुसऱ्या, लहान रांगेकडे वळली. तिथं कुलूप उघडून घ्यायला आलेल्या बायका होत्या. त्यांतली एक तरणी बाई गोंधळून म्हणाली, "अक्का, माझं कुलूप लावलेलंच नाही. मी भवानी, इलवाळहून आले. मला आता मूल हवंय म्हणून उगादीला सुई सोडली, संक्रांत होऊन गेली तरी राहत नाही. अप्पा म्हणतात, सुईनं अदृश्य कुलूप लागलंय, ते उघडतो."

"ऐकलंत?" वनजा सगळ्यांना म्हणाली. "हिनं सुई सोडली, कुलूप लावलं नाही, तरी हिला एवढे महिने दिवस गेले नाहीत. म्हणजे थांबवतं कोण? कुलूप की उरलेलं औषध? भवानी, तुझ्यात काही वाईट नाही. औषध ओसरलं की मूल राहील. काळजी वाटते तर डॉक्टरला दाखव. पण आज याच्याकडून उघडून घेतलंस आणि पुढच्या महिन्यात राहिलं, तर तुझाही पाळणा त्या भिंतीवर टांगला जाईल."

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. तिच्या खांद्यावर महिन्या-दोन महिन्यांचं पोर होतं. "मी कुलूप लावलं होतं," ती म्हणाली. "आठव्या महिन्यात हे पोटात आलं. चौथं आहे. अप्पा म्हणाले, मंगळवारी डोक्यावरून न्हालीस. पावसात भिजले होते मी, कामावरून येताना." तिचा आवाज चढला. "पावसात भिजले म्हणून नेम मोडला?"

"दही, पाऊस, शेजारणीचा सांबार," वनजा म्हणाली. "असा नेम की जो कुणाकडून ना कुणाकडून मोडणारच. औषध अंगात आहे तोवर अप्पाचा चमत्कार. संपलं की तुमचा दोष. कावेरी शेवटच्या श्वासाला मला सांगत होती की तिनं दही खाल्लं नाही."

इथं तिचा आवाज फुटला. बीगदप्पानं ती संधी साधली. तो जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. आता आवाजात लोणी नव्हतं. "मी तिला विष दिलं नाही, हात लावला नाही. सुई सोड म्हणालो. सोडली कुणी? तिला इथं घेऊन कोण आलं होतं? जा, केस कर."

वनजानं त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. तिनं तेच वाक्य मोठ्यानं, शब्दाला शब्द, बायकांना ऐकवलं.

रांग विस्कटली. काही बायका नारळ उचलून निघाल्या, काहींनी किल्ल्या परत मागत गलका केला. बहिणीनं पत्र्याचं दार ओढून घेतलं. पण सगळ्या गेल्या नाहीत. आठ-दहा जणी तिथंच उभ्या राहिल्या, दार पुन्हा उघडायची वाट बघत. त्यांत शाळेतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसणारी, कडेवर दोन पोरं घेतलेली एक बाई होती. वनजा तिच्याजवळ गेली.

"तू का थांबलीस? कळलं नाही का?"

"कळलं," ती म्हणाली. "पण अक्का, सुईला सासू नाही म्हणते. नवरा म्हणतो, सुई घेणारी बाई कुठंही तोंड मारेल. कुलुपाला मात्र ते स्वतः सोडायला येतात. मागच्या दोन सुया मी बहिणीकडे जाते सांगून घेतल्या. आता कुलूप लावलं नाही तर घरी काय सांगू?"

वनजाला आई आठवली, जगन्नाथ आठवला. बीगदप्पा एकटा नव्हता. प्रत्येक घरात त्याला मदत करणारं कुणीतरी होतं. या बाईला चांगलं-वाईट सगळं कळत होतं, फक्त ठरवायचा हक्क तिच्याकडे नव्हता.

"घरी काय सांगायचं ते तू ठरव," ती शेवटी म्हणाली. "पण स्वतःला खोटं सांगू नकोस. कुलूप लावलं काय नि नाही लावलं काय, पोटात काहीही बदलत नाही. सुईची तारीख चुकली की बदलतं. लगेच कळत नाही, महिन्यांनी कळतं, आणि तोवर वाटत राहतं की सगळं ठीक आहे. कुणी काहीही दाखवलं, तरी आधी एवढं विचार, हे नसतं तरी असंच झालं असतं का? आम्ही ते विचारलं नाही. आमच्या घरी आता अडीच-तीन वर्षांची मुलगी आईशिवाय आहे."

बाईनं कडेवरचं धाकटं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. पत्र्याचं दार पुन्हा किलकिलं झालं, बहिणीनं बोट हलवून पुढचीला आत बोलावलं. रांग पुढं सरकली. ती बाईही एक पाऊल सरकली, मग थांबली, आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात सुई कुठल्या वारी देतात, अक्का? माझी तारीख पुढच्या आठवड्यात आहे."